कुत्र्याचा कूलर असतो नाकात!

मे महिना, दुपारचे अडीच. बाहेर पडू नका, पण खिडकीशी उभे राहून एक गोष्ट शोधा. सकाळी दूधवाल्याच्या मागे धावणारे आणि घंटागाडीवर भुंकणारे गल्लीतले कुत्रे आत्ता कुठे गेलेत? रस्ता तर रिकामा दिसतोय.

नीट बघा, सापडतील. एक उभ्या टेम्पोखाली आहे. एक समोरच्या बांधकामावर, वाळूच्या ढिगाच्या सावलीच्या बाजूला आहे. वरची तापलेली वाळू त्याने पुढच्या पायांनी उकरून काढलीय आणि खालच्या ओलसर वाळूत पोट टेकून तो पडलाय. एक जिन्याखालच्या फरशीवर मागचे पाय बेडकासारखे फाकवून पसरलाय. आणि एखादी हुशार कुत्री सार्वजनिक नळाखालच्या ओलीत जाऊन बसलीय. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही, तरी प्रत्येकाने जागा अगदी बरोबर निवडली आहे. ती बरोबर का आहे हे कळलं, की आपल्या घरच्या मोत्याला उन्हाळ्यात काय हवं असतं तेही कळतं. चला तर मग, आधी त्याच्या अंगात डोकावू.

आपलं अंग साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. निरोगी कुत्र्याचं ३८.३ ते ३९.२. म्हणजे ज्या तापाला तुम्हाला शाळेतून सुट्टी मिळते, तेवढं तापमान कुत्र्याचं रोजचंच असतं. म्हणून त्याच्या पोटाला हात लावल्यावर ‘अगं आई, केवढा तापलाय’ असं वाटलं तरी लगेच घाबरू नका. काळजी सुरू होते ती चाळीसच्या पुढे. एक्केचाळीसच्या वर तापमान गेलं आणि तिथेच राहिलं, तर मेंदू, मूत्रपिंडं, आतडी अशा एकेका अवयवाला इजा व्हायला लागते. रोजचे एकोणचाळीस आणि धोक्याचे एक्केचाळीस, यांच्यामध्ये फक्त दोन अंश. एवढ्याशा जागेत राहून आपल्याकडच्या कुत्र्यांना नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगावचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा काढायचा असतो.

आपण तो घामावर काढतो. आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. घाम येतो, तो वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याच्या केसाळ अंगावर असा घाम येतच नाही. त्याला खराखुरा पातळ घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. हा घाम तुम्हाला डोळ्यांनी बघता येईल. कुत्र्याला इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे नेलं की तो घाबरतो. डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावर त्याला उभं केलं, की जिथे जिथे त्याने पाय ठेवला तिथे तिथे ओले ठसे उमटतात. चार गाद्या बोटांच्या आणि मागे एक मोठी, एकेक ठसा अगदी स्पष्ट! पण चार पंजांच्या घामाने सगळं अंग कसं गार होणार? ते काम दुसरंच कुणीतरी करतं.

तुम्ही म्हणाल, ‘माहीत आहे, जीभ!’ उन्हाळ्यात कुत्रा जीभ बाहेर लोंबवून ल्हा ल्हा करतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जिभेवरचं पाणी वाळतं आणि त्यानेही तो थोडा गार होतो, हे खरंच आहे. पण खरी गंमत जिभेच्या वर आहे, नाकात!

कुत्र्याच्या लांब नाकाच्या आत कागदासारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या असतात. त्यांच्यावर ओलं, नाजूक अस्तर असतं आणि त्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. या गुंडाळ्यांमुळे एवढ्याशा नाकात हवेला ओलसर जागा भरपूर मिळते. वास ओळखायला त्या उपयोगी पडतात, तशाच गारव्यालाही.

१९७० साली क्नूट श्मिट-नील्सन नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: धापा टाकताना कुत्र्याची हवा जाते कुठून आणि येते कुठून? श्मिट-नील्सन मूळचा नॉर्वेचा, पण काम करायचा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. वाळवंटातला उंट पाण्यावाचून कसा राहतो हे शोधून काढणारा माणूस तो हाच. ड्यूक विद्यापीठात त्याचा उंटाबरोबर उभा असलेला पुतळासुद्धा आहे! तर त्यांनी मोजून पाहिलं. धापा टाकणारा कुत्रा हवा आत घेतो ती जवळजवळ सगळी नाकातून, आणि बाहेर सोडतो ती बरीचशी तोंडातून. तोंड सताड उघडं असतं, तरी आत येणारी हवा नाकाच्या वाटेनेच येते.

असं का? कोरडी हवा नाकातल्या ओल्या गुंडाळ्यांवरून जाते, तिथलं पाणी उडतं, अस्तर गार होतं आणि त्यातून वाहणारं रक्तही गार होतं. हवा मात्र दमट आणि गरम होऊन आत पोहोचते. तीच हवा परत नाकातूनच बाहेर सोडली, तर ती गार अस्तराला घासून जाताना आपली ऊब आणि ओल तिथेच ठेवून जाईल. सगळी मेहनत पाण्यात! थंडीच्या दिवसांत हेच सोयीचं असतं, कारण तेव्हा ऊब वाचवायची असते. उन्हाळ्यात ऊब फेकायची असते, म्हणून हवेसाठी दुसरं दार उघडायचं. ते दार म्हणजे तोंड.

विदर्भातल्या मुलांना आता लगेच ओळख पटली असेल. तुमच्या खिडकीतला कूलर हेच करतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, त्यांच्यावर झिरपणारं पाणी आणि मागून हवा ओढणारा पंखा. कुत्र्याच्या नाकातल्या गुंडाळ्या म्हणजे ताट्या, आणि छाती म्हणजे पंखा. फरक इतकाच, की खिडकीतला कूलर हवा गार करून तुमच्या खोलीत सोडतो, आणि कुत्र्याचा कूलर रक्त गार करून हवा बाहेर टाकतो.

मग ताट्यांवर पाणी सोडणारा पंप कुठे आहे? तोही आहे. कुत्र्याच्या नाकात दोन्ही बाजूंना एकेक खास ग्रंथी असते. सतराव्या शतकातल्या निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला स्टेनोची ग्रंथी म्हणतात. पण ती कशासाठी असते ते बराच काळ नीट उलगडलेलं नव्हतं. १९७२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की थंड हवेत ही ग्रंथी गप्प असते आणि हवा तापली की पाझरायला लागते. जितकी हवा गरम, तितकं पाणी जास्त. बटण दाबावं लागत नाही!

आता पाणी उडण्यात एवढं काय आहे, ते बघू. एक ग्रॅम पाणी अंगावरून वाफ होऊन उडालं, की सोबत सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतं. (इथे कॅलरी म्हणजे शास्त्रातली छोटी कॅलरी, बिस्किटाच्या पुड्यावरची नव्हे.) हिशेब करा. एक लहान चमचा म्हणजे पाच ग्रॅम पाणी. ते उडालं तर जवळजवळ २,९०० कॅलरी गेल्या. एवढी उष्णता काढून घेतली, तर जवळपास तीन लीटर पाण्याचं तापमान एक अंशाने उतरेल. एका चमच्यात एवढी ताकद आहे.

धापा टाकायला कष्ट पडत नसतील का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही छान विचार करताय. स्वस्थ बसलेला कुत्रा मिनिटाला दहा ते तीस वेळा श्वास घेतो. उन्हात हाच आकडा तीनशेच्या घरात जातो! दर सेकंदाला पाच श्वास. तुम्ही दहा सेकंद असं करून बघाल तर पोटाचे स्नायू दुखतील आणि चक्कर येईल, तेव्हा करू नका. स्नायू एवढे राबले, की त्यातून आणखी उष्णता निर्माण होणार. मग गार होण्याऐवजी कुत्रा तापायला हवा. तो तापत का नाही?

याचं उत्तर यूजीन क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने १९६२ साली दिलं. बरगड्या आणि फुप्फुसं लवचीक असतात. आत दाबली की आपोआप परत फुलतात. अशा प्रत्येक लवचीक वस्तूची हलण्याची एक स्वतःची लय असते, आणि त्या लयीत तिला हलवलं तर अगदी कमी जोर लागतो. कुत्र्याच्या छातीची ही लय मिनिटाला सुमारे तीनशेच्या आसपास येते. कुत्रा नेमक्या त्याच लयीत धापतो! म्हणून बघा, त्याची धाप हळूहळू वाढत जात नाही. साधा श्वास चाललेला असतो आणि एकदम झपकन ल्हा ल्हा सुरू होतं. मधली कष्टाची गती तो टाळतोच. शिवाय हे श्वास उथळ असतात. नाक-घशातली हवा तेवढी आत-बाहेर होते, फुप्फुसांच्या खोलवर फार जात नाही, म्हणून त्याला तुमच्यासारखी चक्करही येत नाही.

इतका सुंदर कूलर असूनही कुत्र्यांना उष्माघात होतो. का होतो, ते समजायला एक प्रयोग करा. भिंतीवर लावायचा, हवेचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर घ्या (ताप मोजायचा नको). आधी खोलीचं तापमान लिहून ठेवा. मग त्याच्या टोकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. पारा खाली उतरेल आणि एका जागी थांबेल. हा झाला ओल्या फडक्याचा आकडा. पाणी उडवून तुम्हाला त्या दिवशी जास्तीत जास्त किती गारवा मिळू शकतो, ते तो आकडा सांगतो.

आता मजा बघा. नागपुरात मे महिन्यात पारा ४४ वर आहे आणि हवेत ओल फक्त १५ टक्के आहे, असं धरा. ओल्या फडक्याचा आकडा येईल साधारण २३. त्याच दिवशी मुंबईत तापमान आहे ३३, पण हवेत ओल ७० टक्के. तिथे ओल्या फडक्याचा आकडा येईल २८. म्हणजे ओलं फडकं मुंबईपेक्षा नागपुरात जास्त गार! हवा आधीच ओलीचिंब असेल तर ती आणखी पाणी उचलणार कुठून? म्हणून मुंबईत आणि कोकणात गवताचे कूलर फारसे चालत नाहीत. आणि म्हणूनच तिथल्या कुत्र्याचा कूलरही मंदावतो. ‘आमच्याकडे कुठे चाळीस-पंचेचाळीस असतं, आमच्या टायगरला काय होणार’ असं रत्नागिरीतल्या, पणजीतल्या, ठाण्यातल्या मुलांनी मुळीच समजू नये.

म्हणून दोन्हीकडची काळजी थोडी वेगळी. विदर्भ-खानदेशात कूलर उत्तम चालतो, पण पाणी प्रचंड खातो. तिथे पाणी संपलं की खेळ संपला. शिवाय तिथली हवा कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम असते, त्यामुळे कोरड्या कुत्र्यावर नुसता पंखा सोडला तर गरम हवाच त्याच्या अंगावर येते. घाम नाही, तर वारा वाळवणार काय? आधी त्याचे पंजे, पोट, मांड्यांची आतली बाजू ओली करा आणि मग पंखा लावा, फरक लगेच दिसेल. कोकणात मात्र पाण्याइतकीच विश्रांती महत्त्वाची. तिथे अंगात उष्णता तयारच होऊ द्यायची नाही, कारण ती बाहेर टाकायला वेळ लागतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर तुमचा कुत्रा पाणी पिताना बाजूला पोटावर झोपून बघा. शक्य असेल तर मोबाइलवर हळू गतीचा व्हिडिओ काढा. जिभेने पाणी उचलून तो आत टाकतो असं आपल्याला वाटतं ना? तसं नसतं. त्याची जीभ मागे, हनुवटीच्या दिशेने दुमडते, पाण्यावर आपटते आणि विजेच्या वेगाने वर ओढली जाते. तिच्यामागोमाग पाण्याचा एक खांब उभा राहतो. तो कोसळायच्या आत कुत्रा तोंड मिटून त्याचा वरचा तुकडा पकडतो! अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या कुत्र्यांचं पाणी पिणं मोजून हे दाखवलं. भांड्याभोवती एवढं पाणी का सांडतं, त्याचं कारण हे. सांडू द्या. त्याला रागावू नका, भांडं थोडं मोठं आणि जड घ्या.

दहा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लीटर पाणी लागतं. उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. घरात दोन ठिकाणी पाणी ठेवा, म्हणजे एक भांडं लवंडलं तरी दुसरं असतं. स्टीलचं भांडं उन्हात ठेवलं तर पाणी तापतं आणि कुत्रा तोंड लावत नाही. मातीचं भांडं सगळ्यात छान.

आणि जिन्याखालची फरशी? तिथेही प्रयोग आहे. एक हात शहाबादी फरशीवर ठेवा, दुसरा शेजारच्या सतरंजीवर. फरशी गार लागते, सतरंजी लागत नाही. पण थर्मामीटर लावला तर दोघींचं तापमान सारखंच निघेल! फरशी आपल्या हातातली उष्णता भराभर ओढून घेते, सतरंजी घेत नाही, एवढाच फरक. कुत्र्याच्या पोटावर केस विरळ असतात, म्हणून तो पोट टेकतो आणि पाय फाकवतो, म्हणजे जास्तीत जास्त कातडी फरशीला लागते. त्याला मऊ गादी दिलीत आणि तो उठून मोरीत जाऊन झोपला, तर त्याला तिथेच झोपू द्या. फक्त त्याची जागा पत्र्याच्या शेडखाली असेल तर बदला. पत्रा दुपारी इतका तापतो, की सावली असूनही खाली बसवत नाही. झाडाची सावली केव्हाही बरी, आणि साखळीने बांधलं असेल तर सावली सरकते आणि कुत्रा उन्हात राहतो, हे मोठ्या माणसांच्या लक्षात आणून द्या.

‘मग त्याचं टक्कलच करून टाकू या का?’ नको! जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. खालचा दाट आणि मऊ, वरचा लांब आणि राठ. या थरांमध्ये हवा अडकते आणि बाहेरचं ऊन कातडीपर्यंत सहज पोहोचत नाही. सगळे केस भादरले तर ऊन थेट कातडीवर. त्यापेक्षा रोज विंचरा. खालचा थर उन्हाळ्यात गळायला लागलेला असतो, तो निघून गेला की वारा आत खेळतो. सायबेरियातल्या बर्फात जगायला घडलेला हस्की किंवा आल्प्सच्या थंडीतला सेंट बर्नार्ड महाराष्ट्रात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो कुत्रा दिसतो देखणा, पण त्याचा प्रत्येक उन्हाळा हालात जातो.

त्याऐवजी आपल्या मातीतले कुत्रे पाहा. मुधोळ हाउंड घ्या. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानाच्या मालोजीराव घोरपडे राजांनी या जातीला नाव मिळवून दिलं, आणि २००५ साली तिच्यावर भारतीय टपाल खात्याचं तिकीटही निघालं. अंगावर आखूड केसांचा पातळ थर, चरबी नाही, आणि नाक केवढं लांब! लांब नाक म्हणजे मोठा कूलर. आपला गावठी कुत्राही असाच: सडपातळ, आखूड केसांचा, निमुळत्या नाकाचा.

आता याच्या अगदी उलट, पग. चपटं तोंड, डोळे टपोरे, कपाळावर सुरकुत्या. माणसांनी मुद्दाम निवडून निवडून त्याचं नाक आखूड केलं. हाडं आखूड झाली, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. टाळूचा मऊ पडदा घशात लोंबतो, नाकपुड्या फटीएवढ्या. गुंडाळ्यांना जागाच नाही. पग, बुलडॉग, शिह त्झू हे सगळे घोरतात आणि फुरफुरतात ते याचमुळे, आणि उन्हात सगळ्यांत आधी हेच कोसळतात.

आमच्या इमारतीतल्या एका मुलाकडे पग आहे. एप्रिलमध्ये एकदा अकरा वाजता तो मुलगा खाली पगाला बॉल टाकत होता. पगाची जीभ कडेने वर वळलेली, घशातून घर्रघर्र आवाज.

मी म्हटलं, “अरे, थांब आता. दमलाय तो.”

“नाही काका, बघा ना, तो स्वतःच बॉल आणून देतोय! त्यालाच खेळायचंय.”

तो मुलगा खोटं बोलत नव्हता. पग खरंच बॉल आणून पायाशी ठेवत होता. पण या लेखातलं तुम्ही एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: कुत्रा स्वतःहून थांबत नाही. तुम्ही बॉल टाकला की तो पळणार, तुम्ही सायकल हाणली की तो मागे धावणार. अंग एक्केचाळीसवर गेलं तरी त्याला तुमच्याबरोबर राहायचं असतं. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा कळलं, की उष्माघात झालेल्या दर चार कुत्र्यांपैकी साधारण तीन कुत्रे पळण्या-खेळण्याने तापले होते. आणि तेही ब्रिटनसारख्या थंड देशात! दुपारी घरात ठेवणं सगळ्यांना सुचतं, पण सकाळी साडेनऊचा बॉलचा खेळ धोक्याचा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्या मुलाने बॉल खिशात टाकला आणि पगाला लिफ्टने वर नेलं. आता ते दोघे सकाळी सहाला खाली येतात.

फिरायला नेण्याआधी रस्त्याला हाताची मागची बाजू लावून सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजेही भाजणार. उन्हातलं डांबर साठ अंशांच्याही वर तापतं आणि सूर्य मावळला तरी बराच वेळ गरम राहतं. म्हणून संध्याकाळपेक्षा पहाट चांगली.

बंद गाडीत कुत्र्याला पाच मिनिटंही ठेवायचं नाही. ‘काच थोडी उघडी ठेवलीय’ हे कारण चालत नाही. अमेरिकेत २००५ मध्ये डॉक्टरांनी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मोजमाप केलं. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, त्यातला बहुतेक भाग पहिल्या अर्ध्या तासात, आणि काच किंचित उघडी ठेवल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. बाबा म्हणाले, ‘पटकन भाजी घेऊन येतो,’ तर तुम्ही कुत्र्याबरोबर बाहेर सावलीत उभे राहा.

इतकं करूनही कधी कुत्र्याला ऊन बाधू शकतं. धाप थांबतच नाही, तोंडातून चिकट लाळ गळते, हिरड्या लालभडक होतात, चालताना झोकांड्या जातात, उलटी होते, हाक मारली तरी बघत नाही. यातलं काहीही दिसलं तर मोठ्यांना ओरडून बोलवा आणि त्याला लगेच सावलीत घ्या. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं, हा क्रम. नळाचं साधं पाणी बादलीने अंगावर ओतत राहा, पोटावर, मांड्यांमध्ये, पंजांवर, आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. तो थोड्या वेळात गरम होतो आणि वाराही अडवतो. शुद्धीवर असेल तर समोर पाणी ठेवा, पण जबरदस्तीने तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. नंतर तो उठून शेपटी हलवायला लागला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. आतल्या अवयवांना झालेली इजा कधी कधी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसते.

उन्हाळ्याच्या खाऊबद्दलही एक सूचना. नाशिकची द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला विष आहेत, एकही द्यायची नाही. आंब्याची कोय कुत्र्याच्या आतड्यात अडकून बसते, तेव्हा रस काढून झाल्यावर कोयी झाकणाच्या डब्यात टाका.

आणि ज्यांना घर नाही, त्या कुत्र्यांसाठी? फाटकाबाहेर सावलीत सिमेंटची किंवा मातीची एक कुंडी ठेवा. रोज सकाळी जुनं पाणी झाडांना घाला, कुंडी काथ्याने घासा आणि ताजं पाणी भरा. घासायचा कंटाळा करू नका, साठलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात. गाडीखाली झोपलेल्या कुत्र्याला हात लावायला किंवा त्याच्यावर पाणी उडवायला मात्र जाऊ नका. तो दचकेल आणि चावेल. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघायला घरातल्यांना सांगा, एवढं पुरे.

शेवटचं एक काम, आजच करायचं. तुमच्या घराजवळ पशुवैद्य कोण आहेत, रविवारी दवाखाना उघडा असतो का, ते आई-बाबांना विचारा. त्यांचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा आणि फ्रीजवर चिकटवा.